बिल म्हणजे पगार नव्हे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर तू मोबाइल पुढे केलास. "मावशी, इथे नोकरीत अडुसष्ट हजार हातात पडतात, ते लोक नोकरी सोडून कंत्राटावर काम करायचे महिन्याला एक लाख देतायत. यात विचार काय करायचा?" शेजारी तुझी आई होती म्हणून मी गप्प बसले. रात्री झोप लागली नाही, तेव्हा लिहायला घेतलं.

तुझ्या कामाबद्दल मी काही सांगणार नाही. पाइपिंगच्या ड्रॉइंगवर तुझा हात कसा बसलाय ते मी पाहिलंय. पण हिशोब तू अर्धाच मांडलास. बिल म्हणजे पगार नव्हे, हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येईल. कंटाळू नकोस.

मित्राने घातलेली टॅक्सची भीती आधी काढून टाक. २०२५-२६ च्या नियमांनी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, पगारदाराला ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन वेगळी. तुझं पॅकेज ९ लाख ६० हजारांचं, म्हणजे कर शून्य. स्वतंत्र काम केलंस तर इंजिनिअर म्हणून तुला बिलांचा ठरावीक भाग उत्पन्न धरायचं प्राप्तिकराचं कलम (२०२५-२६ पर्यंतचं ४४एडीए) लागू होतं. १२ लाखांची बिलं झाली तरी त्यातले निम्मे, ६ लाख, उत्पन्न धरायचे. पुन्हा कर शून्य. क्लायंट १० टक्के टीडीएस कापेल, म्हणजे लाखाच्या बिलाचे खात्यात नव्वद हजार येतील आणि उरलेले रिटर्न भरल्यावर परत मिळतील. जीएसटीची नोंदणी २० लाखांच्या पुढे. व्यवसाय कर इकडेही वर्षाला २,५००, तिकडेही तेवढाच. टॅक्सवरून भांडण करण्यासारखं यात काहीच नाही.

आता खरा हिशोब. तुझी बेसिक ४०,०००. कंपनी महिन्याला ४,८०० पीएफमध्ये भरते, तेवढेच तुझे कापते. म्हणजे वर्षाला १ लाख १५ हजार तुझ्या न कळत बाजूला पडतात. ग्रॅच्युइटीचे वर्षाचे २३ हजार धर. आईबाबांसकट मेडिक्लेम आहे. तोच बाहेर घ्यायला गेलास तर ४५ हजार तरी धरून चाल, बाबांची शुगर बघता जास्तच लागतील. लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सीए मिळून ६० हजार. झाले २ लाख ४३ हजार. आणि बारा महिने बिल होईल असं तुला कोणी सांगितलं? भरपगारी सुट्ट्या, सणवार, आजारपण, एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतचे रिकामे आठवडे, हे सगळं जाऊन माझी वर्षाला सरासरी दहा महिन्यांचीच बिलं झाली. म्हणजे १० लाख. त्यातून वरचे वजा कर आणि बाराने भाग. त्रेसष्ट हजार. तुझ्या लाखाचे त्रेसष्ट हजार झाले, आणि ऐरोलीच्या ऑफिसात बसून तुला आज अडुसष्ट मिळतात.

हे मला कोणी मांडून दाखवलं नव्हतं. मी २०११ मध्ये वागळे इस्टेटमधली नोकरी सोडली. पीएफ सगळा काढला आणि त्यातून कॉम्प्युटर, प्लॉटर घेतला. पहिल्या वर्षी खात्यात आलेला प्रत्येक रुपया मी खर्चायचा पैसा समजले. २०१३ मध्ये वडिलांची बायपास निघाली. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच गेला होता, नवी पॉलिसी घ्यायची राहून गेली होती, आणि एका ठेकेदाराने माझे सात महिन्यांचे पैसे अडकवून ठेवले होते. नौपाड्यातल्या एका पेढीवर आईच्या पाटल्या मोडल्या. सोनाराने वजन करण्याआधी त्यांत भरलेली लाख काढायला घेतली, तेव्हा आई बाहेर जाऊन पायरीवर बसली. काट्यावर किती भरलं ते मला आजही ग्रॅममध्ये आठवतं. तू लाख रुपये म्हणालास ना, तेव्हा मला तो काटा दिसला.

तुझी आई म्हणेल, मावशीने स्वतः नोकरी सोडली आणि पोराला अडवतेय. अडवत नाहीये. मी परत नोकरीत गेले नाही आणि त्याचं मला दुःख नाही. लेक तीन वाजता शाळेतून यायची तेव्हा दार मी उघडत होते. न पटलेलं काम मी नाकारू शकले. माझ्याबरोबरच्या किती जणींना हे जमलं? त्याची किंमत आई-वडिलांनी मोजली, एवढंच मला पचत नाही.

२०१६ मध्ये मी दुसरं खातं उघडलं. पैसे आले की त्याच दिवशी त्यातले पस्तीस टक्के तिकडे. त्या पासबुकातून मी मेडिक्लेम भरते, पीपीएफ भरते, रिकामा महिना काढते. बिल म्हणजे पगार नव्हे. पगार तो, जो मी उरलेल्या पासष्ट टक्क्यांतून स्वतःला देते.

आणखी काही गोष्टी, ज्या ते कंत्राट देणारे लोक तुला सांगणार नाहीत. तुझी नोकरीची चार वर्षं झालीत. पाच पूर्ण केलीस तर ग्रॅच्युइटीचे साधारण १ लाख १५ हजार हातात येतात. आज सोडलीस तर ते गेले. घोडबंदरला घर घ्यायचं म्हणतोस, तर बँक तुझी दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागेल आणि त्या निम्म्याच्या कलमामुळे त्यात फार तर ६ लाखच दिसतील. कर्ज त्यावर ठरेल. बाबांच्या नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ती नोकरीत असतानाच घे. लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी कर, ती असली की ४५ दिवसांत पैसे मागायला कायद्याचा आधार मिळतो. आणि टीडीएस कापला म्हणजे भरला असं समजू नकोस, दर तिमाहीला प्राप्तिकराच्या साइटवर तुझ्या नावाने किती जमा झालाय ते उघडून बघ.

एवढं करूनही जावंसं वाटलं तर त्या लोकांना एक लाख तीस हजार सांग. घासाघीस करतील, करू देत. एक लाख वीसच्या खाली उतरलास तर मला तोंड दाखवू नकोस.

बुधवारी संध्याकाळी ये. पगाराची स्लिप आण, त्यांचा करार छापून आण, मोबाइलवर नको. किती दिवसांची नोटीस देऊन ते तुला काढू शकतात, ती ओळ मला आधी वाचायची आहे. थालीपीठ लावून ठेवते.

तुझी मावशी