पुश केलं, पण बिल्ड कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोड रेपोत (कोड साठवण्याच्या सामायिक जागेत) गेला की क्लाउडवर बिल्ड (कोडपासून चालतं अ‍ॅप तयार करणं) आपोआप सुरू व्हावा, यासाठी लावलेले ट्रिगर ऐनवेळी गप्प बसतात, अशी बरीच पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार भागातून आली आहेत. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

प्रश्न : आम्ही चौघं केळीचे रोजचे भाव आणि गाड्यांची नोंद ठेवणारं अ‍ॅप चालवतो. कोड गिटहबवर, बिल्ड गुगलच्या क्लाउड बिल्डवर. मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) पुश केलं, म्हणजे कोड पाठवला, की बिल्ड व्हायचा. रेपोतल्या फोल्डरांची मांडणी बदलल्यापासून काहीच होत नाही. चूक दाखवत नाही, हिस्टरीही रिकामी. पाच-सहा वेळा रिकामं कमिट (फाइलींत बदल नसलेली नोंद) करून पुश केलं, तरी तेच. – एक वाचक, रावेर

उत्तर : रिकामी कमिट आधी थांबवा. तुमच्या बाबतीत त्यांनी बिल्ड सुरू होणारच नव्हता. का, ते पुढे येईल.

बिल्ड फसणं आणि बिल्ड सुरूच न होणं, हे दोन वेगळे आजार आहेत. फसलेल्या बिल्डचा लॉग (कामाची नोंद) असतो. सुरूच झाला नसेल तर वाचायला काही नसतं, म्हणून माणूस अंदाजाने बटणं दाबत सुटतो. पहिल्यांदा हिस्टरीच्या पानावर वर निवडलेला प्रदेश पाहा. ट्रिगर मुंबईच्या प्रदेशात, म्हणजे एशिया-साउथ१ मध्ये केलेला असेल आणि पानावर ग्लोबल निवडलेलं असेल, तर झालेले बिल्डसुद्धा दिसत नाहीत.

तिथे खरोखरच काही नसेल तर ट्रिगरच्या ओळीतलं रन बटण दाबून मेन ब्रँचवर तो हाताने चालवा. व्यवस्थित चालला तर बिल्डची फाइल, परवानग्या आणि रेपोची जोडणी बहुतेक ठीक आहेत. मग बिघाड पुशची खबर पोचण्यात किंवा ट्रिगरच्या गाळणीत (कोणत्या बदलांवर बिल्ड करायचा ते ठरवणाऱ्या अटींत) आहे.

फोल्डर हलवल्यापासून अडचण सुरू झाली, त्यामुळे आमचा पहिला संशय गाळणीवर. ट्रिगर एडिट करायला उघडा आणि समाविष्ट फाइलींची चौकट पाहा. तिथे ‘अ‍ॅप/*’ असं लिहिलेलं असेल आणि कोड आता ‘अ‍ॅप/सर्व्हर/भाव’ मध्ये असेल, तर ट्रिगरच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. एक तारा एकाच पातळीवर पाहतो, आतल्या फोल्डरांत उतरत नाही. आतपर्यंत जायला दोन तारे लागतात : ‘अ‍ॅप/**’. या चौकटीत काही लिहिलेलं असेल, तर बदललेल्या फाइलींपैकी निदान एक तरी त्यात बसावी लागते. रिकाम्या कमिटमध्ये एकही फाइल बदलत नाही, म्हणून तुमचे ते सगळे पुश वाया गेले. शेजारी दुर्लक्षित फाइलींची चौकट असते. बदललेल्या सगळ्याच फाइली तिच्यात बसल्या तरी बिल्ड होत नाही.

त्यानंतर ब्रँचचा नमुना. तो साधा मजकूर नसून रेग्युलर एक्स्प्रेशन (खास चिन्हांनी लिहिलेला शोध-नमुना) असतो. नावाच्या आधी ^ आणि नंतर $ घातलं तरच नेमकी तीच ब्रँच धरली जाते. ही चिन्हं नसतील तर मेन शब्द ज्यात आहे अशा भलत्या ब्रँचवरही बिल्ड सुटू शकतो. जुन्या रेपोत इथे अजून मास्टर लिहिलेलं सापडतं. गिटहबने 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपोंची मुख्य ब्रँच मेन केली, पण ब्रँचचं नाव बदललं म्हणून ट्रिगरमधला नमुना आपोआप बदलत नाही.

कमिटच्या संदेशावरही नजर टाका. त्यात चौकटी कंसात ‘स्किप सीआय’ किंवा ‘सीआय स्किप’ असेल तर क्लाउड बिल्ड तो पुश सोडून देतो. जुना संदेश कॉपी करताना हे शब्द चुकून सोबत येतात.

एवढं करूनही शांतताच असेल तर गिटहबच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅपमध्ये क्लाउड बिल्ड उघडा. ‘फक्त निवडलेले रेपो’ असा पर्याय असेल तर तुमचा रेपो त्या यादीत आहे का ते बघा. रेपो दुसऱ्या खात्यात हलवला असेल तर सरळ नव्याने जोडा. रेपोच्या सेटिंग्जमधलं वेबहुकचं (काही घडलं की बाहेर खबर देणाऱ्या सोयीचं) पान या पद्धतीच्या जोडणीत रिकामंच दिसतं, कारण खबर अ‍ॅपमार्फत जाते. ते रिकामं पाहून तिथे हाताने वेबहुक घालू नका.

प्रश्न : आमची धुळ्यात लहान कंपनी आहे. गिटलॅबवरचा कोड क्लाउड बिल्डला जोडलेला होता. साधारण वर्षभर सुरळीत चाललं आणि एका सकाळी सगळ्या रेपोंचे ट्रिगर एकदम बंद पडले. कुणीही काही बदललेलं नाही. – एक वाचक, धुळे

उत्तर : सगळे रेपो एकदम आणि तेही वर्षभराने. जवळजवळ नक्कीच टोकनची (पासवर्डसारख्या प्रवेश-किल्लीची) मुदत संपली आहे. गिटलॅब डॉट कॉमवर वैयक्तिक टोकनला मुदत घालावीच लागते आणि बहुतेक जण वर्षाची घालतात. क्लाउड बिल्डच्या जोडणीला दोन टोकनं लागतात. एक ‘एपीआय’ अधिकाराचं, जोडणी करण्या-तोडण्यासाठी. दुसरं ‘रीड एपीआय’ अधिकाराचं, कोड वाचण्यासाठी. एकाच दिवशी केलेली असतात, म्हणून एकाच दिवशी मरतात.

दोन्ही टोकनं नव्याने करा आणि सीक्रेट मॅनेजरमध्ये (गुगलच्या गुप्त माहिती ठेवण्याच्या सेवेत) जुन्या सीक्रेटची नवी आवृत्ती म्हणून भरा. बरेच जण इथेच थांबतात आणि ‘नवं टोकन घातलं तरी चालत नाही’ म्हणून हैराण होतात. जोडणी सीक्रेटच्या ठरावीक आवृत्तीकडे बोट दाखवत असते. जोडणी एडिट करून तिला नवी आवृत्ती द्यावी लागते. बिल्ड पुन्हा चालल्यावरच जुनी आवृत्ती बंद करा. मग गिटलॅबवर प्रोजेक्टच्या वेबहुकच्या पानावर जा. सलग अपयश आलं तर गिटलॅब वेबहुक स्वतःच बंद करतं. अलीकडच्या घटनांची यादी तिथेच असते; त्यातली एक पुन्हा पाठवून पाहा.

ही टोकनं कुणाच्याही वैयक्तिक खात्यातून काढू नका. तो माणूस पुण्याला नोकरीसाठी गेला आणि त्याचं खातं बंद झालं की मुदत शिल्लक असूनही ट्रिगर थांबतात. कंपनीचं वेगळं खातं करा आणि मुदतीच्या पंधरा दिवस आधीची आठवण दोघांच्या कॅलेंडरमध्ये लावा.

प्रश्न : प्रोजेक्ट माझ्या विंडोज लॅपटॉपवर छान चालतो. ट्रिगरही सुरू होतो, पण क्लाउडवर एकदा ‘फाइल सापडली नाही’ आणि एकदा ‘बॅड इंटरप्रिटर’ असं येतं. फाइल तर समोर दिसते आहे! सबमिशन जवळ आलंय, कृपया मदत करा. – अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : तुमचा लॅपटॉप विंडोजवर आहे आणि बिल्ड लिनक्सवर होतो. दोन्ही चुका त्या फरकातून येतात.

पहिली चूक लहान-मोठ्या अक्षरांची. विंडोजला ‘बॅनर’ हे नाव मोठ्या बीने लिहा की लहान, सारखंच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. कोडमध्ये इम्पोर्ट करताना लिहिलेलं नाव आणि फाइलचं खरं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा, एक्स्टेन्शनसकट. मोबाइलवरून आलेल्या फोटोंचं जेपीजी अनेकदा मोठ्या अक्षरांत असतं. नुसतं एक्सप्लोररमध्ये नाव बदललं तर विंडोजवरचं गिट तो बदल धरतच नाही. म्हणून दोन टप्पे करा : ‘गिट एमव्ही’ने आधी भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग पुन्हा ‘गिट एमव्ही’ने हवं ते, आणि कमिट करा.

दुसरी चूक ओळीच्या शेवटाची. लॉगमध्ये ‘बॅश’ या शब्दाला चिकटून ^ आणि एम अशी दोन चिन्हं दिसतील. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह ठेवतं, आणि लिनक्स ते बॅशच्याच नावाचा भाग समजून तसल्या नावाचा प्रोग्राम शोधत बसतं. रेपोच्या मुळाशी ‘डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाची फाइल करा, तिच्यात ‘*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ’ ही एकच ओळ लिहा, मग ‘गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइज .’ चालवून कमिट करा. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर उजवीकडे सीआरएलएफ लिहिलेलं असतं; त्यावर क्लिक करून एलएफ करता येतं, पण गिटअ‍ॅट्रिब्यूट्सचा उपाय टीममधल्या सगळ्यांना लागू पडतो.

यानंतर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी नाही. ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स’ आणि पुढे फाइलचं नाव. कमिट, पुश, झालं.

प्रश्न : मिरचीचे बाजारभाव रोज सकाळी सहाला गोळा व्हावेत म्हणून गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये शेड्यूल लावलं. ते साडेअकराला चालतं. – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : तुम्ही क्रॉनमध्ये (वेळापत्रकाच्या ओळीत) ‘0 6’ लिहिलं आहे. वेगळं सांगितलं नाही तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. सकाळी सहासाठी ‘30 0 * * *’ लिहा. पहाटे साडेपाचच्या आधीची वेळ हवी असेल तर यूटीसीत आदला दिवस चालू असतो. तेव्हा वार लिहिताना एक दिवस मागे जा, नाहीतर सोमवारचं काम मंगळवारी होईल. शेड्यूल मुख्य ब्रँचवरची फाइलच वाचतं. गर्दीच्या वेळी, विशेषतः तासाच्या ठोक्यावर, काम उशिरा सुरू होतं. ‘30’ऐवजी ‘23’ किंवा ‘37’ असं आडवेळेचं मिनिट बरं. सार्वजनिक रेपोत 60 दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब शेड्यूल बंद करतं, मग ते हाताने चालू करावं लागतं.

प्रश्न : जुन्या प्रोजेक्टमधली बिल्डची फाइल जशीच्या तशी नव्या प्रोजेक्टमध्ये घातली. ट्रिगर चालतो, पण कधी लॉगबद्दल तक्रार, कधी परवानगी नाही, कधी इमेज (अ‍ॅपचं तयार पॅकेज) पुश होत नाही. जुन्यात आजही सगळं चालतं. – एक वाचक, भुसावळ

उत्तर : फाइल तीच असली तरी ती चालवणारं खातं बदललं आहे. 2024 मध्ये गुगलने नियम बदलला. त्यानंतर सुरू केलेल्या प्रोजेक्टमध्ये बिल्ड क्लाउड बिल्डच्या जुन्या खात्याऐवजी सहसा कॉम्प्युट इंजिनच्या डिफॉल्ट खात्यावर चालतो, आणि अनेक नव्या संस्थांमध्ये त्या खात्याला आपोआप कुठलाही अधिकार मिळत नाही.

आमचा सल्ला : बिल्डसाठी स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामने वापरायचं खातं) करा आणि ट्रिगरमध्ये तेच निवडा. त्याला लॉग्ज रायटर आणि आर्टिफॅक्ट रजिस्ट्री रायटर या भूमिका द्या. क्लाउड रनवर (गुगलच्या अ‍ॅप चालवण्याच्या सेवेवर) चढवत असाल तर क्लाउड रन अ‍ॅडमिन, आणि सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्या खात्यावर सर्व्हिस अकाउंट यूजर. ही शेवटची भूमिका हमखास राहून जाते. चुकीच्या संदेशात ‘अ‍ॅक्टअ‍ॅज’ दिसलं की तीच समजा. घाईत एडिटरची भूमिका देऊन मोकळं होऊ नका. त्या खात्याच्या हातात मग जवळपास अख्खा प्रोजेक्ट जातो.

स्वतःचं खातं निवडलं की लॉग कुठे ठेवायचा तेही सांगावं लागतं. बिल्डच्या फाइलीत ऑप्शन्सखाली लॉगिंगसाठी ‘क्लाउड_लॉगिंग_ओन्ली’ लिहिलं की ती तक्रार जाते. इमेजचा पत्ता जीसीआर डॉट आयओ असेल तर तोही बदला. जुनी कंटेनर रजिस्ट्री (इमेज ठेवण्याची जागा) 18 मार्च 2025 पासून बंद आहे. आर्टिफॅक्ट रजिस्ट्रीत रेपो करून तिचा पत्ता घाला.

एवढ्यावर ‘इनव्हॅलिड रेफरन्स फॉरमॅट’ आलं, तर इमेजच्या टॅगमध्ये कमिट शा (कमिटचा ओळखक्रमांक) वापरला आहे आणि बिल्ड टर्मिनलवरून हाताने पाठवला आहे. ती किंमत ट्रिगरने सुरू झालेल्या बिल्डलाच मिळते. हाताने पाठवलेल्यात टॅगची जागा रिकामी राहते.

प्रश्न : एकदम पाच टॅग (कमिटवर लावलेल्या आवृत्तीच्या खुणा) पुश केले, एकाचाही बिल्ड झाला नाही. – एक वाचक, चोपडा

उत्तर : एका पुशमध्ये तीनपेक्षा जास्त टॅग असतील तर गिटहब त्यांची खबरच पाठवत नाही. एकेक करून पुश करा.

प्रश्न : पाच मिनिटांच्या अंतराने दोन पुश केले. दोन्ही बिल्ड हिरवे, तरी साइटवर पहिलाच बदल दिसतो. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : पहिला बिल्ड रेंगाळला, दुसरा आधी संपला आणि उशिरा आलेल्या पहिल्याने नव्यावर जुनं चढवलं. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये वर्कफ्लोला कनकरन्सीचा गट द्या. एका गटातलं एकच काम एका वेळी चालतं. ‘कॅन्सल-इन-प्रोग्रेस’ ट्रू केलं तर नवं आल्यावर जुनं रद्द होतं. क्लाउड बिल्डमध्ये डिप्लॉयच्या लगेच आधी एक पायरी घाला : ‘गिट एलएस-रिमोट’ने मेनचं ताजं कमिट विचारायचं, ते या बिल्डच्या कमिट शाशी जुळलं नाही तर तिथेच थांबायचं. ही पायरी बिल्डच्या सुरुवातीला ठेवून उपयोग नाही, कारण नवं कमिट मधल्या वेळात येतं. रेपो खासगी असेल तर तिला वाचनाचं टोकन लागेल. आणि त्याच कामात डेटाबेसचं मायग्रेशन (रचनेतला बदल) होत असेल तर कॅन्सल-इन-प्रोग्रेस लावू नका. अर्धवट तुटलेलं मायग्रेशन निस्तरणं जुनी साइट दिसण्यापेक्षा फार महागात पडतं. मायग्रेशनचा वेगळा वर्कफ्लो करून त्याचा वेगळा गट ठेवा, आणि त्या गटात रद्द करणं बंद ठेवा.