पऱ्हाटी पेटवावी की मातीत जिरवावी?

प्रश्न : अंबाजोगाईजवळ आमची अडीच एकर कोरडवाहू काळी जमीन आहे. 2020 चा जागतिक अन्न पुरस्कार मृदाशास्त्रज्ञ डॉ. रतन लाल यांना मिळाला, असे वाचनात आले. दरवर्षी कापसाची पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडे) पेटवून देणाऱ्या आमच्यासारख्या अल्पभूधारकांना त्यांच्या संशोधनाचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आहे, आणि तो पऱ्हाटीपासूनच सुरू होतो. डॉ. लाल यांनी 1970 पासून 1987 पर्यंत नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत काम केले. जंगल तोडून नांगरलेली जमीन पावसाने धुपून जाते, पण पिकांचे अवशेष पसरले, नांगरट टाळली आणि जमीन झाकून ठेवणारी आच्छादन पिके घेतली, तर तीच जमीन सावरते, हे त्यांनी तेथील प्रयोगांतून दाखवले. मातीतून जे घेतले ते मातीला परत केले पाहिजे, हे त्यांचे सूत्र आहे. आणि परत करायचा मुख्य ऐवज म्हणजे सेंद्रिय कर्ब, म्हणजेच कुजलेल्या काडीकचऱ्यातून आणि शेणखतातून मातीत साठणारा कार्बन.

आपले दुखणे नेमके येथेच आहे. कर्ब 0.5 टक्क्यांच्या खाली असला की तो कमी समजला जातो. मराठवाड्याच्या उन्हात तो झपाट्याने घटतो, शेणखत पुरत नाही आणि उरलेसुरले आपण पेटवतो. बांधावरच्या गवताखालचे एक आणि शेतातले एक, अशी दोन वाळलेली ढेकळे पाण्याच्या पेल्यांत अलगद सोडून पाहा. शेतातले ढेकूळ बहुधा काही मिनिटांतच विरून तळाशी गाळ होईल, बांधावरचे मात्र बराच वेळ आकार धरून राहील. पहिल्या मोठ्या पावसात शेतात हेच घडते : माती चोपून बसते, पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि पुढच्या उघडिपीत पीक माना टाकते.

म्हणून पऱ्हाटी जाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र गुलाबी बोंडअळी शिल्लक बोंडांत तग धरते, त्यामुळे किडकी बोंडे आधी वेचून नष्ट करावीत आणि मगच पऱ्हाटीची कुट्टी (बारीक तुकडे) करावी. कुट्टी तशीच गाडली, तर ती कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. त्यापेक्षा ती शेणकाला शिंपडून खड्ड्यात कुजवावी किंवा आच्छादन म्हणून वर पसरावी. चुलीला सरपण लागतच असेल, तर निम्मी तरी शेताला द्यावी.

इबादानची माती आणि आपली भेगाळणारी काळी माती एक नव्हे, त्यामुळे नांगरट एकदम सोडू नका. आधी पाच-दहा गुंठ्यांवर दोन-तीन हंगाम पाहा. कर्ब वाढायला वर्षे लागतात. दर दोन-तीन वर्षांनी त्याच जागेची माती पेरणीपूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या आणि जुने अहवाल जपून ठेवा.