माडावरच्या नारळाचा हिशेब
गतिज आणि स्थितिज ऊर्जेच्या व्याख्या पाठ करण्याआधी परसातल्या माडाकडे बघ. १० मीटरवरचा दीड किलोचा असोला नारळ स्थिर आहे, म्हणजे गतिज ऊर्जा (वेगामुळे असते ती) शून्य. स्थितिज (उंचीमुळे असते ती) मात्र वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे १.५ × ९.८ × १० = १४७ ज्यूल. पाडेल्याचा कोयता बसला की तीच गतिज होत जाते. हवेचा रोध सोडून दे. अर्ध्या वाटेवर दोन्ही ७३.५ ज्यूल. गोची इथेच होते: ऊर्जा निम्मी, म्हणून वेगही निम्मा धरतात. गतिज ऊर्जेच्या सूत्रात (½ × वस्तुमान × वेग²) वेगाचा वर्ग आहे ना! जमिनीपाशी वेग सेकंदाला १४ मीटर, तर मध्यावर ७ नव्हे, ९.९. आणि उंची कुठून मोजलीस ते आधी लिही. खाली जमिनीपासून ३ मीटर उंचीवर कौलं असतील तर त्यांच्या हिशेबाने स्थितिज ऊर्जा १०३ ज्यूलच. कौल फुटायला तेवढी पुष्कळ झाली.