मी त्याची आई आहे की नर्स?

खुर्चीत बसता बसता त्यांनी पर्समधून मुलाची कंपासपेटी काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. कर्कटक, कोनमापक आणि त्यांच्याखाली कॅप्सूल. "सतरा आहेत, मोजल्यात मी," त्या म्हणाल्या. "फेकून दिलेल्या किती, देव जाणे."

मुलगा बारा वर्षांचा. पापा घेतला की कपाळ खारट लागायचं, हे त्यांच्या तो तान्हा असतानाच लक्षात आलं होतं. दुसऱ्या वर्षी घामाची तपासणी झाली आणि सिस्टिक फायब्रोसिसचं, म्हणजे शरीरातले स्राव घट्ट, चिकट होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, निदान झालं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर, छातीतला चिकट कफ सुटावा म्हणून फिजिओथेरपी, आणि प्रत्येक खाण्याबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांचा प्रश्न मला बहुतेक पालक विचारतात: मूल उपचारांना कंटाळलंय, जबरदस्ती करायची की त्याच्या कलाने घ्यायचं?

आधी त्या सतरा कॅप्सूलविषयी. या आजारात स्वादुपिंडातून येणाऱ्या नळ्या घट्ट स्रावाने तुंबतात. पाचकरस आतड्यापर्यंत पोचत नाही, स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. पोट दुखतं, शौचाला तेलकट होतं, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. तीन महिने मुलाचं वजन जागचं हललं नव्हतं. आजार वाढला या भीतीने आईची झोप उडाली होती, आणि निदान एक कारण तरी कंपासपेटीत होतं.

मुलाशी मी एकट्याशी बोललो. बराच वेळ तो बुटाची नाडी गुंडाळत बसला. मग म्हणाला, "डबा खाताना मुलं विचारतात, कसल्या गोळ्या? एक सांगितलं की दहा विचारतात." आणि थोड्या वेळाने, "मी खोकलो ना, की घरात सगळे गप्प होतात."

हे दुसरं वाक्य त्याच्या परवानगीने मी आईला सांगितलं. त्या रडल्या. मग बोलल्या ते दहा वर्षं मनात धरून ठेवलेलं: "माझ्यामुळेच झालं ना हे?" मी सांगितलं, नाही. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलं, तरच हा आजार होतो. दोघंही वाहक असतात, त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो, त्यामुळे कळायला मार्ग नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता 25 टक्के असते. यात कुणाचीही चूक नाही. हे वडिलांसमोर पुन्हा सांगायला मी दोघांनाही बोलावून घेतलं, कारण ते तर या विषयावर कधी बोललेच नव्हते.

जबरदस्ती नको, पण बारा वर्षांच्या मुलाला "आता तुझं तू बघ" म्हणणंही मला मान्य नाही. आम्ही कामं वाटून घेतली. संध्याकाळचा नेब्युलायझर आणि फिजिओथेरपी वडिलांकडे. त्या वेळात आईने त्या खोलीत जायचं नाही. (हेच त्यांना सगळ्यात जड गेलं.) कॅप्सूलचा हिशेब मुलाकडे, आणि तो फक्त रविवारी, एकत्र बसून पाहायचा. वर्गात काय सांगायचं ते वाक्य त्यानेच बनवलं: "माझ्या पोटाला जेवण पचवायला मदत लागते." चार-पाच वेळा माझ्यासमोर म्हणून पाहिलं. काही गोष्टींत मात्र सूट नाही. खोकला वाढला, कफाचा रंग बदलला, भूक मंदावली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. डोस आपल्या मनाने कमी-जास्त करायचा नाही.

त्याला त्याच्यासारखं कुणी भेटावं असं मला फार वाटत होतं. पण या आजाराच्या मुलांना एकत्र बसवता येत नाही. एकाच्या फुफ्फुसातले जंतू दुसऱ्याला घातक ठरू शकतात. म्हणून दोन्ही घरांना विचारून, त्याच्याहून मोठ्या एका मुलाशी व्हिडिओ कॉल करून दिला. पहिली दहा मिनिटं दोघं गेमबद्दलच बोलले. मग मोठ्याने खिशातून कॅप्सूलची डबी काढून दाखवली. याने लगेच विचारलं, "तू सगळ्यांसमोर घेतोस?"

आईला नव्या औषधांचीही आशा होती. 2012 पासून मूळ दोषावरच काम करणारी औषधं आली आहेत, 2019 पासून तीन औषधांचं एकत्रित मिश्रणही. पण ती ठरावीक जनुकीय बदलांनाच लागू पडतात, आणि सगळ्यांच्या हाती पोचत नाहीत. मुलाचे नेमके बदल कोणते, हे डॉक्टरांकडून समजून घ्या, एवढंच मी सुचवलं.

दोन महिन्यांनी आई पुन्हा आल्या. वजन सव्वा किलोने वाढलं होतं, पण सांगायला सुरुवात केली ती रविवारची गोष्ट. हिशेब करताना एक कॅप्सूल जास्त निघाली. त्या काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "गुरुवारी राहिली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"वहीत लिहिलं," त्या म्हणाल्या. "आणि मग आम्ही पत्ते खेळलो."