वायरलेसच्या परीक्षा निघण्याआधी द्याव्यात की पोचल्यावर?

तुमचा प्रश्न असा: नेटवर्क सपोर्टचा दोन वर्षांचा अनुभव आहे, पाच-सहा महिन्यांत परदेशी जायचं आहे, तर वायरलेस आणि सिक्युरिटीच्या परीक्षा आधीच देऊन टाकाव्यात का? याच कामासाठी मीही देश सोडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीडब्ल्यूएनए, म्हणजे वायरलेस नेटवर्कची पायाभूत परीक्षा, निघण्याआधी द्या. सीडब्ल्यूएसपी, म्हणजे वायरलेस सिक्युरिटीची परीक्षा, तिकडे काम सुरू झाल्यावर दिली तरी चालेल. सीडब्ल्यूएनए असल्याशिवाय सीडब्ल्यूएसपीचं प्रमाणपत्र मिळतच नाही, त्यामुळे क्रम ठरलेलाच आहे. दोन्हींना ६० प्रश्न, ९० मिनिटं, आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षं. मधल्या काळात सीडब्ल्यूएसपी झालात की सीडब्ल्यूएनएची मुदतही वाढते, हा नंतर देण्याचा आणखी एक फायदा. सिक्युरिटी प्लस या कॉम्पटियाच्या सर्वसाधारण सुरक्षा परीक्षेला पूर्वअट नाही. ज्या जाहिराती तुम्ही बघताय त्यांत ती मागत असतील तरच द्या. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका, नाहीतर परीक्षा केंद्राच्या दारातून परत यावं लागेल.

आता अभ्यास. डीबीएमचं (१ मिलीवॉटच्या तुलनेत सिग्नलची शक्ती मोजण्याचं एकक) गणित इतकं घोटा की कागद लागू नये. ३ डीबी वाढले की शक्ती दुप्पट, १० वाढले की दहापट. ट्रान्समीटर २० डीबीएम, केबलमध्ये ३ डीबी गेले, अँटेनाने ६ मिळवून दिले: २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलीवॉट. हे पाच सेकंदांत यायला हवं.

पण खरा वेळ द्या तो फोर-वे हँडशेकला, म्हणजे जोडणीच्या वेळी क्लायंट (फोन, लॅपटॉप) आणि ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं उपकरण) किल्ली ठरवायला जे चार संदेश पाठवतात त्यांना. माझ्या पहिल्या मुलाखतीत विचारलं होतं, 'क्लायंटला नेटवर्क दिसतंय, पण जोडला जात नाही. कुठे बघाल?' मी चार संदेशांची नावं धडाधड सांगितली. पुढचा प्रश्न आला, 'दुसऱ्या संदेशानंतर सगळं थांबतंय, याचा अर्थ काय?' मला सांगता आलं नाही. ती नोकरी गेली. उत्तर साधं होतं. क्लायंट आपली किल्ली पासवर्डवरून काढतो आणि दुसऱ्या संदेशात तिचा पुरावा पाठवतो. पासवर्ड चुकला असेल तर ॲक्सेस पॉइंटला तो पुरावा पटत नाही, मग तिसरा संदेश येतच नाही. हे मी एकदा जरी कॅप्चरमध्ये, म्हणजे हवेतून पकडलेल्या संदेशांच्या नोंदीत, पाहिलं असतं तरी विसरलो नसतो.

म्हणून एक जुना ॲक्सेस पॉइंट आणि मॉनिटर मोड (हवेतले सगळे वायफाय संदेश ऐकण्याची सोय) चालणारं अडॅप्टर मिळवा. विकत घेण्याआधी चिपसेट तपासा, सगळ्यांना तो मोड जमत नाही. स्वतःच्याच नेटवर्कवर डब्ल्यूपीए२ ही वायफाय सुरक्षा पद्धत लावा, चारही संदेश पकडा, वायरशार्क या संदेश वाचणाऱ्या प्रोग्रामला पासवर्ड द्या आणि डेटा उलगडताना बघा. मग तिची पुढची आवृत्ती डब्ल्यूपीए३ लावून तेच करा. या वेळी पासवर्ड देऊनही काही उलगडणार नाही, कारण एसएई, म्हणजे डब्ल्यूपीए३ची किल्ली ठरवण्याची पद्धत, दर वेळी नवी मूळ किल्ली तयार करते आणि ती नुसत्या पासवर्डवरून काढता येत नाही. या दोन कॅप्चरमधला फरक स्वतःच्या शब्दांत मांडता आला की सीडब्ल्यूएसपीचा पाया झाला. पुढे फ्रीरेडियस या लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर ईएपी-टीएलएस, म्हणजे पासवर्डऐवजी डिजिटल प्रमाणपत्रांनी ओळख पटवणं, उभं करा. ही प्रमाणपत्रं बनवताना दोन-तीन दिवस डोकं फिरेल, ते फिरू द्या. दुसऱ्याच्या नेटवर्कवर यातलं काहीही करू नका; नव्या देशात तर मुळीच नाही.

डम्पच्या, म्हणजे फुटलेल्या प्रश्नोत्तरांच्या, वाटेला जाऊ नका. पकडले गेलात तर प्रमाणपत्र रद्द होतं, आणि मुलाखतीत तर पाच मिनिटांत उघडे पडता.

पुस्तकातले बरेचसे आकडे अमेरिकेचे असतात, हेही लक्षात असू द्या. तिथे २.४ गिगाहर्ट्झमध्ये ११ चॅनल वापरात आहेत, युरोपात १३. अमेरिकेने २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झचे १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्यातले खालचे ४८०. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहा, पण ज्या देशात जाताय तिथल्या नियामकाचा तक्ता निघण्याआधीच उतरवून घ्या. पहिलं वायफाय सर्वेक्षण (जागेवर सिग्नल मोजण्याचं काम) हाती येईल तेव्हा चॅनल त्याच तक्त्यावरून ठरवायचे आहेत.