जुना लेथ घरी आणलात, आता घाई करू नका

लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) आल्या आल्या सगळा खोलायला बसू नका. आधी रॉकेल आणि ब्रशने चिकट झालेलं जुनं तेल काढा, बेडवर (लेथचा लांब पाया, ज्यावर बाकीचे भाग सरकतात) नवं तेल द्या आणि चक (रॉड पकडून फिरवणारा जबडा) हाताने फिरवून बघा. कुठे अडकतोय, कुठे खरखर येतेय, हे हाताला लगेच कळतं. जुन्या लेथचा बेड बहुतेक वेळा चकजवळच जास्त झिजलेला असतो, कारण रोजचं काम तिथेच होतं.

मग टेस्ट कट घ्या. २५ मिमीचा सरळ रॉड चकमध्ये १०० मिमी बाहेर ठेवून धरा. टेलस्टॉकचा, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाचा, आधार देऊ नका. धारदार टूलने अगदी हलका कट मारा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. माप वेगळं आलं की लोक थेट हेडस्टॉकवर, म्हणजे चक फिरवणाऱ्या भागावर, संशय घेतात. मीही घेतला होता, बेअरिंग काढलं, दोन रविवार गेले. दोष होता पायाखाली! फरशी उंचसखल, त्यामुळे बेडला पीळ बसलेला. टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पातळ पत्र्याची पॅकिंग सरकवली, पुन्हा कट घेतला, फरक जवळजवळ गेला. म्हणून आधी लेव्हल, बाकी सगळं नंतर.

क्रॉस स्लाइडला (टूल आडवं आत-बाहेर नेणारा भाग) ढिलाई राहणारच. डायल मापाच्या पुढे गेला तर अर्धा फेरा मागे घ्या आणि पुन्हा पुढे येत मापावर या.

आणि हे मनापासून सांगतो: चकमधली चावी काढल्याशिवाय हात सोडायचा नाही. चालू लेथवर हातमोजेही नकोत, लांब बाहीही नको.