नव्या भाजीचे पहिले दोन घास
बहुतेक पालेभाज्या तुम्हाला नकोशा वाटतात आणि तरीही वजन उतरवायचे आहे. हे जमते, मलाही जमले. सुरुवातीला आठवड्याला एकच नवी भाजी घ्या, तीही कडकडून भूक लागलेली असताना, रोजच्या ज्वारीच्या भाकरीबरोबर, दोनच घास. आंबट म्हणून मी अंबाडी वर्षानुवर्षे टाळली. पाला उकडून, पाणी पिळून, ज्वारीच्या कण्या घालून शिजवल्यावर मात्र तीच आवडू लागली.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका:
- पहिल्याच घासाला नाक मुरडून भाजी कायमची बाद करणे.
- चवीसाठी तेल ओतणे. १ ग्रॅम तेलात सुमारे ९ कॅलरी असतात आणि शेंगदाण्याच्या कुटातही तेल भरपूर असते.

ब्रोकोलीची घाई नको. हिवाळ्यात कोवळी करडई मिळते, तिच्यापासून सुरुवात करा.